कस्तुराबाईंचा बेचव शुक्रवार

दौंडच्या रेल्वे कॉलनीमागं जे छोटं चर्च आहे, तिथं कस्तुराबाईंवर एकच आरोप होता. त्यांच्या हाताला चव होती.

एरवी हा आरोप कुणी केला नसता. नाताळात, साखरपुड्यात त्यांच्या मटणाच्या रश्श्यावर माणसं अशी तुटून पडत, की पाळकसाहेबांना जेवणाआधीची प्रार्थना आटोपती घ्यावी लागे. पण लेंटची गोष्ट वेगळी. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस उपासाचे, पश्चात्तापाचे. मटण बंद, मासळी बंद, अंडंसुद्धा बंद. दर शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकेका घरानं पाळीपाळीनं सगळ्या मंडळीला जेवू घालायचं. तेही साधं, स्वस्त आणि जिभेचे लाड न करणारं. पाळकसाहेबांनी त्याची खूणही ठरवून दिली होती. कुणी दुसऱ्यांदा मागून घेतलं, तर समजायचं स्वयंपाक चुकला.

या खुणेनं करुणाबाईंचा नेहमी पहिला नंबर. त्या चर्चमध्ये पेटी वाजवत आणि आपल्या शुक्रवारी उकडलेला दुधी वाढत. तो दुधी आजवर कुणी दुसऱ्यांदा मागितला नव्हता. खरं तर पहिल्यांदाही मागितला नव्हता. ताटलीत पडला की माणसं आपोआप डोळे मिटत आणि आपापल्या पापांचा विचार करू लागत.

कस्तुराबाईंचं मात्र दर वर्षी चुकायचं. एका वर्षी त्यांनी नुसती पिठलं-भाकरी केली, तर पेन्शनीत निघालेले सोपानराव मास्तर बोटं चाटत म्हणाले, "बाई, मटणाची आठवणसुद्धा झाली नाही बघा!"

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. "मास्तर, आठवण झाली पाहिजे. होऊन ती आवरली पाहिजे. आठवणच नाही तर त्याग कसला?"

पुढच्या वर्षी बाईंनी हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले, तेल जवळपास नाहीच. लोकांनी ताटल्या तोंडाला लावून रस्सा प्यायला.

अठ्ठ्याण्णव साली पाळकसाहेब स्वतः घरी आले. "बाई, राग मानू नका. यंदा शेवटचा शुक्रवार तुमचा आहे. पण परत कुणी मागून घेतलं, तर तुमची पाळी पुढच्या वर्षापासून करुणाबाईंकडं देऊ."

 कस्तुराबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून शास्त्रपाठ नाही. गाता तर असं येत होतं, की करुणाबाई त्यांना हात जोडून मागच्या बाकावर बसवत. वर्षातला तो एक शुक्रवार सोडला, तर चर्चमध्ये त्यांचं म्हणून काही नव्हतंच.

मग बाईंनी घरी वाईट स्वयंपाकाचा सराव सुरू केला. लसूण सोलायचा नाही असं ठरवून त्या बसल्या आणि ठरवता ठरवता सोलून झाला. हुलगे भाजायचे नाहीत म्हटलं, तर हातानं परस्पर तवा चढवला. शेवटी मीठच घातलं नाही, तर शेजारची बेगम येऊन चाखून म्हणाली, "अय्या, मस्त! मीठ वरनं घ्यायचं का?"

बाईंनी कपाळाला हात लावला आणि सगळी कहाणी सांगितली.

"तुमचं इचित्रच हाय बाई," बेगम म्हणाली. "आमच्या रोज्यात दिवसभर पानी न्हाई. पन संध्याकाळी कुनी चांगलं झालं म्हणलं, तर त्यो काय गुन्हा धरत न्हाईत. ऐक, तुझ्या हातून व्हायचं न्हाई हे. ज्याला काईच येत न्हाई, त्याच्याकडनं करून घे."

दोघींनी एकदमच दाराबाहेर पाहिलं. बाहेर खाटेवर बाईंचे नवरे याकोबराव पेपर वाचत पडले होते.

याकोबरावांची सगळी नोकरी रेल्वेत रुळांचे सांधे बदलण्यात गेली होती. चुलीशी त्यांचा संबंध एकदाच आला. बाई केंदूरला माहेरी गेल्या असताना त्यांनी चहा केला होता. तो पातेल्यातून निघाला नाही, म्हणून पातेलं टाकून द्यावं लागलं.

"मी? आन् सैपाक?" याकोबराव उठून बसले.

"व्हय. पन मला काय इचारायचं न्हाई. मी सांगितलं की चव येती."

"बरं. मीठ किती घालायचं?"

"अवो, इचारलंच की तुम्ही!"

शुक्रवारी चर्चच्या मागच्या खोलीत याकोबरावांनी मसूर आणि तांदळाच्या कण्यांची खिचडी चढवली. कस्तुराबाई स्टुलावर दोन्ही हात पदराखाली कोंबून बसल्या. पाणी इंजिनात भरतात तसं भरलं गेलं. हळद घातली का नाही ते आठवेना, म्हणून परत घातली. कण्या विरघळून गेल्या आणि मसूर मात्र जसेच्या तसे, जणू आत्ताच पोत्यातून आलेत. तळ लागल्याचा वास सुटला तसा बाईंचा हात आपोआप पदराबाहेर आला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून परत आत घातला.

पंगत बसली. पळी उलटी केली तरी खिचडी खाली यायला राजी नव्हती. पहिला घास गेला. पाळकसाहेबांचे डोळे पाणावले. करुणाबाई आपला दुधी मागं पडल्यासारख्या गंभीर झाल्या. कुणी छान म्हणेना, कुणी बोटं चाटेना. बाईंनी कधी नव्हे तो सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात सोपानराव मास्तरांनी ताटली पुढं केली. "वाढा."

बाई हबकल्या. "मास्तर, लई भूक लागलीया का?"

"भूक कसली? अंगावर काटा आलाय! असा पश्चात्ताप मला जन्मात झाला नव्हता. पण एका ताटलीत माझं भागायचं नाही. चाळीस वर्षं मी पोरांना गणित शिकवलंय."

झालं! मास्तरांनी दुसऱ्यांदा घेतल्यावर एकदाच घेऊन उठायचं, म्हणजे आपल्याला पश्चात्तापाची फारशी गरज नाही असं चारचौघांत जाहीर करायचं. ताटल्या भराभर पुढं आल्या. करुणाबाईंनी नाकाला रुमाल लावून तिसऱ्यांदा घेतली. करपलेल्या खरवडीसाठी दोन सद्‌गृहस्थांत ओढाताण झाली. पातेलं लख्ख झालं.

"संपलं माझं," कस्तुराबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या.

पाळकसाहेब उभे राहिले. "स्वयंपाक चुकलाय, त्यात शंकाच नाही. म्हणजे बरोबर आहे. पण मागून घेतलंय, म्हणजे..." एवढं बोलून त्यांनी पोट धरलं. "उद्या ठरवू."

उद्या कुणीच काही ठरवण्याच्या स्थितीत नव्हतं. शनिवारी सकाळी अख्खी मंडळी आडवी झाली होती. कस्तुराबाईंना कळलं तसा त्यांनी स्टो पेटवला. तांदळाची पेज केली, जिऱ्यामिठाची, वर ताकाची धार. या वेळी हात पदराखाली नव्हते. किटली घेऊन त्या घरोघर गेल्या. करुणाबाई गटागटा प्यायल्या.

पाळकसाहेबांनी वाटी रिकामी केली, पुढं केली आणि चटका बसल्यासारखी मागं घेतली. बाईंनी ती ओढून भरली.

"हे औषध आहे," पाळकसाहेब छताकडे बघत म्हणाले.

"व्हय, औषदच."

दुसरी वाटी संपल्यावर त्यांनी भिंतीला पाठ टेकली. "बाई, शुक्रवार तुमचाच राहू द्या, आणि चूल पण तुम्हीच सांभाळा. माणसं चवीनं बिघडतात असं मी आजवर सांगत आलो. पण पश्चात्तापानं एवढी बिघडतील असं वाटलं नव्हतं. ईस्टरला उपासनेला कुणीतरी उरायला हवं."

घरी याकोबराव दाराकडंच डोळे लावून बसले होते. सगळं त्यांच्या हातचं खाल्लं गेल्यामुळं त्यांच्या आणि बाईंच्या वाट्याला काही आलं नव्हतं आणि म्हणून दोघंही ठणठणीत होती.

"काय म्हणाले? फुडच्या वर्षी मीच का?"

"न्हाई. मी."

याकोबराव भिंतीकडं तोंड करून झोपले. तिकडूनच आवाज आला. "पन लोकांनी माझं पातेलं पुसून खाल्लं का न्हाई?"

"खाल्लं की. आपल्या पोरीच्या लग्नात माझं मटनबी एवढं कुनी खाल्लं न्हवतं."

याकोबराव उठून बसले. बाईंनी उरलेली पेज त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी एक घोट घेतला, तो तोंडात जरा फिरवला आणि जाणत्या आचाऱ्यासारखी मान हलवली.

"जिरं वाईच जास्त पडलंय," ते म्हणाले.