अक्काच्या फ्रॉकची उजवी शिलाई

खरं सांगते, या पानावरचे अनुभव मी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वाचते आणि बहुतेक वेळा हसते. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या फ्लॅटमध्ये नळ आपोआप सुरू होतो... अहो, प्लंबर बोलवा की! आमच्याकडे कुणी दृष्ट काढायला निघालं तर "मिरच्या फोडणीला ठेवा" म्हणणारी बाई मी. आणि आज मीच इथे लिहायला बसलेय. घरात सांगून झालं. नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रिंटरचं सेटिंग तपासायला सांगितलं.

मी बेंगळुरूची. नोकरीसाठी आलेली नाही हं — आमच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्या, घरात मराठी आणि दारात कन्नड. पुण्याचे लोक आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. हसू देत. मी राहते हेब्बाळला. माझी मोठी बहीण, म्हणजे अक्का, बेळ्ळंदूरला तळ्याजवळच्या एका उंच बिल्डिंगमध्ये. मधे तो रिंग रोड. बहिणीला भेटायचं म्हणजे अख्खा दिवस त्या रोडला वाहायचा. आई गेल्यापासून मला अक्काच आई. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

नोकरी सोडल्यावर मला एक वेड लागलं. जुन्या फॅशनचे कपडे शिवायचं. आजी-पणजीच्या काळातल्या गोऱ्या बायका घालायच्या ना, कमरेत घट्ट आणि खाली भरपूर घेर असलेले फ्रॉक, त्यांचे त्या वेळचे कागदी पॅटर्न आता काही लोक पुन्हा काढून विकतात. आपण फाइल घ्यायची, घरी छापायची, कागदाला कागद चिकटवायचे, मापाप्रमाणे कापायचे आणि ते कापडावर ठेवून बेतायचं. लेकीने "आई, तू कुठे घालणार हे?" असं विचारलं. म्हटलं, भाजी आणायला घालीन, तुला काय!

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिलाईच्या आत आपण जे जादा कापड सोडतो त्याला आपल्याकडे माया म्हणतात. अंग सुटलं तर शिलाई उसवायची आणि मायेतून कपडा सैल करायचा. आईने आम्हा दोघींना शिवण शिकवलं तेव्हा पहिलं वाक्य हेच असायचं — "माया सोडलीस का गं?" या पॅटर्नांत शिलाईची जागा आधीच धरलेली असते. पण हाताला सवय! मी वरून आणखी माया सोडते आणि कधीकधी विसरून पॅटर्नच्याच रेघेवर शिलाई घालते. म्हणजे माझ्या हातचा कपडा बिघडला तर ढगळ होऊन बिघडणार. लहान व्हायचा प्रश्नच नाही.

अक्का शाळेत शिकवायची. आयुष्यभर सुती साडी, पिन लावून. रिटायर झाल्यावर एकदा माझ्याकडे आली, माझा निळा फ्रॉक हातात घेऊन बराच वेळ बसली आणि म्हणाली, "वने, मला शिवशील का गं असला?" लहानपणी आम्ही कंटोनमेंटजवळ राहायचो. रविवारी चर्चला जाणाऱ्या बायकांचे घेरदार फ्रॉक बघत अक्का गेटला लटकलेली असायची. एकदा तिने मागितलासुद्धा. अप्पा म्हणाले, आपल्यात नाही घालत. विषय संपला. "आता कोण विचारतंय? घरातल्या घरात घालीन, तुझे भावजी घाबरले तर घाबरू देत," असं म्हणून ती जी हसायला लागली! मी लगेच टेप काढला.

मापं मी स्वतः घेतली. आधी मांजरपाटाचा कच्चा फ्रॉक करून तिच्या अंगावर घालून बघितला. अगदी छान बसला. मग चिकपेटेच्या कापडबाजारातून पांढऱ्या ठिपक्यांचं निळं कापड आणलं, धुवून वाळवून घेतलं, म्हणजे मागाहून आटायला नको. बेतलं, शिवलं. अस्तर, काठ, डावीकडे चेन, सगळं मनासारखं झालं. कौतुकाने बेळ्ळंदूरला घेऊन गेले.

चेन लागेना.

कमरेत चांगला चार बोटं कमी. "अय्यो, वने, माप माझं घेतलंस की तुझ्या भावजींच्या पुतणीचं?" अक्का पोट आत ओढून हसत होती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आणून टेबलावर पसरला. टेप लावला, नवऱ्याला लावायला लावला. कमीच. प्रिंटरचं म्हणाल तर पॅटर्नवर तपासायला एक चौकोन छापलेला असतो, तो पट्टीने मोजला. बरोबर. मग सगळ्या शिलाया उसवल्या आणि एकेक तुकडा कागदावर ठेवला. तंतोतंत! माया धरून, आहे तसाच. पुन्हा शिवला, या वेळी अगदी काठाकाठाने. पुन्हा चार बोटं कमी.

सुटे तुकडे बरोबर आणि जोडले की लहान. हे कसं होईल, सांगा मला. नवरा म्हणाला, "टेप ताणला गेला असेल." मी त्याला नवीन टेप दाखवला. मग तो म्हणाला, "मग सोड ना." त्याचं सगळ्याला तेच उत्तर असतं.

फ्रॉक अक्काने ठेवून घेतला. "असू दे गं, बघून तरी बरं वाटतं." कपाटाच्या दाराला हँगरवर लावला.

काही महिन्यांनी अक्काच्या पोटात दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या, मग तपासण्या, मग ती गाठ. ट्रीटमेंट सुरू झाली. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या नाही त्यांना देव करो कधी न कळो. अक्का दिसामासाने उतरत गेली. मी एक दिवसाआड त्या रिंग रोडवर.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर दार उघडायला अक्का आली. अंगात निळा फ्रॉक, चेन वरपर्यंत लागलेली. "बघ! बसला की नाही? उगीच कटकट करत होतीस." तिने हात पसरून गिरकी घ्यायचा प्रयत्न केला, तोल गेला, भावजींनी धरलं. तिघंही हसलो. मी कमरेत बोट घालून पाहिलं. कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही. इतका मापात कपडा मी जन्मात शिवलेला नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही तेच म्हटलं, अगदी मोठ्याने, कॅबमध्ये. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि "एनु, मॅडम?" म्हणून विचारलं.

पण मनात एकदा शिरलं की निघत नाही. मी म्हटलं, बरं, कपडा पुढचं माप सांगतो ना? मग मी मोठा शिवते! हसू नका. बहीण समोर वितळत असली की माणूस काहीही करतो. त्याच पॅटर्नचं मोठं माप छापलं, अक्का धडधाकट असताना होती त्याहून मोठं. तपकिरी कापड. माया इतकी सोडली की आई असती तर ओरडली असती, फ्रॉक शिवतेस की तंबू म्हणून. शिवून झाल्यावर टेबलावर ठेवला. टेप लावायची गरजच नव्हती, नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. निळ्याहूनही लहान.

अक्काला दाखवला नाही. ट्रंकेत तळाला घातला. आणि थंडी सरेपर्यंत अक्काची कंबर तेवढी झाली. आंघोळीनंतर मी तिला साडी नेसवायचे, परकराची नाडी बांधताना हाताला कळायचं. तपकिरी फ्रॉक मी उसवला, फाडला, त्याची पायपुसणी केली. काडीचा फरक पडला नाही. शिवलेलं शिवलं होतं.

शिवण बंद. मशीनवर चादर टाकली. पण अक्का कशी गप्प बसेल? भावजींना पाठवून पिवळं कापड आणवलं, फुलाफुलांचं. "निळा सैल होतोय गं. एक नवीन शिव." मी टाळलं. डोळे दुखतात, मशीन बिघडलंय. एक दिवस ती तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "मागणारी मी एकटीच, आणि तुला वेळ नाही." शिवला तर हे असं आणि नाही शिवला तर ते तसं. बेतला. शिवत आणला. आणि शेवटची एक शिलाई, उजव्या बगलेपासून कमरेखालपर्यंतची, ती घातली नाही. तुकडे जोडल्याशिवाय कपडा लहान होत नव्हता ना? मग जोडायचाच नाही.

आणि अक्काचं वजन थांबलं.

औषध लागू पडलं असेल, डॉक्टर तेच म्हणाले. नवीन औषध होतं, पडलंही असेल. भात मागून घ्यायला लागली, फोनवर भावजींची नक्कल करायला लागली. रोज सकाळी मी देवाच्या आधी मशीनजवळच्या पिशवीतला तो पिवळा फ्रॉक बघायचे, उजवी बाजू उघडी आहे ना म्हणून. ती विचारायची, "एका शिलाईला एवढे दिवस?" मी म्हणायचे, "स्वल्प थांब की, अक्का. घाई काय आहे?" असे कितीतरी महिने काढले. लेक म्हणाली, आई, तू कौन्सेलरकडे जा. मी म्हटलं, जाईन, आधी हे होऊ दे. काय होऊ दे ते मलाही माहीत नव्हतं.

परवा अक्का माझ्याकडे जेवायला आली. आजारी पडल्यापासून दवाखाना सोडून पहिल्यांदाच कुठे बाहेर पडली होती. मी पुऱ्या केल्या, तिने दोन खाल्ल्या. भावजी सोफ्यावर झोपले. फार चांगला दिवस गेला.

आज सकाळी तिचा फोन आला.

"वने, तुझी पिशवी मी आणलीय हं. तू आत पुऱ्या तळत होतीस तेव्हा घेतली."

"कुठली पिशवी?"

"मशीनजवळची. पिवळा फ्रॉक."

"अक्का, त्याला हात लावू नकोस. मी येते. आत्ता निघते."

"लावला की. एवढीशी तर राहिली होती. हातानेच टीप घातली, काल दुपारभर बसून. आय्तु, झालं."

माझ्या तोंडून निघालं ते आईचंच वाक्य. "आत माया किती ठेवलीस गं?"

अक्का हसली. "मला कशाला माया आता? मी काय वाढत्या अंगाची आहे?"

मागे भावजींचा टीव्ही ऐकू येत होता. मग म्हणाली, "निळा फ्रॉक मला व्हायला लागला त्या दिवशी तुझं तोंड पाहिलं मी. तू नळ सोडून रडलीस तेही ऐकलं. तुझं तोंड वाचत वाचतच मोठी झालेय मी, वने. आणि परवा बघितलं, जेवताना तुझी निम्मी नजर त्या पिशवीवर. किती दिवस अशी राखण करत बसणार? वाळून गेलीस."

"घालून बघितलास?"

"नाही. तू आल्यावर घालते. चेन तूच लाव." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "येताना टेप आणू नकोस."

इथे कापडातले, धाग्यातले जाणकार असतील तर कारण सांगा. साधं कारण चालेल, मी मूर्ख ठरले तरी चालेल. धुतलेलं, कागदाबरहुकूम कापलेलं कापड जोडल्यावर का आटतं? मला अजून कळलेलं नाही. कळून काही उपयोग होईल असंही वाटत नाही. मागवलेली कॅब रिंग रोडलाच अडकलीय असं फोनवर दिसतंय, तोवर घरी बसून हे लिहिलं. पर्समध्ये टेप होता, तो काढून मशीनवर ठेवला. मग परत घेतला. आता पुन्हा काढून ठेवलाय.