उंच पोरगी आली त्या वर्षी

गोंदियाच्या एका कॉलेजात मी अठरा वर्षांपासून मुलींना बास्केटबॉल शिकवते आहे. त्यातली पहिली नऊ वर्षं माझी टीम एकाच पद्धतीनं खेळली. बॉल हातात आला की पळायचं. समोरच्या पोरींना वळून उभं राहायला वेळच द्यायचा नाही. सातव्या-आठव्या सेकंदाला रिंगखाली पोचायचं, बॉल टाकायचा, आणि पळतच बचावाला परत यायचं. विद्यापीठाच्या झोनच्या स्पर्धेत आमची गाडी मैदानाशी थांबली की इतर कॉलेजांचे कोच म्हणायचे, "आली पळणारी टीम." ते ऐकून मला बरं वाटायचं. कोचची स्वतःची एक पद्धत असलीच पाहिजे, ती नसेल तर तो नुसता शिट्टी वाजवणारा माणूस, हे माझं तेव्हाचं मत होतं आणि ते मी कोणालाही ऐकवायची.

दहाव्या वर्षी, जुलैमध्ये, ॲडमिशनच्या रांगेत मला ती दिसली. रांगेतल्या सगळ्या पोरींपेक्षा वीतभर उंच. केशोरीहून आली होती, होस्टेलला राहणार होती. मी थेट जाऊन विचारलं, "बास्केटबॉल खेळशील का?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझी उंची तिच्या खांद्याला लागत होती.

"धावा लागन का?"

"लागेल."

"मंग पाहू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर हजर. बॉल तिनं त्याआधी हातात धरला नव्हता. शिकायला मात्र बरी होती. एकदा सांगितलेलं विसरत नव्हती. शेतात राबलेल्या मुलीला दमाची कमी नसते, पण ती वेग धरायलाच वेळ घ्यायची. आमच्या चौघी पलीकडे पोचून बॉल टाकून वळलेल्या असायच्या, तेव्हा ही अर्ध्या मैदानावर.

आमची कॅप्टन तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. बाजारात तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, घरची बोली हिंदी. माझा खेळ तिच्याइतका कोणालाच जमला नव्हता. ती मला रोज म्हणायची, "मॅडम, वो पीछे रह जाती है. उसके लिए हम चार ही खेलते हैं." मी म्हणायची, होईल सवय. सवय झाली नाही.

दिवाळीच्या तोंडावर नागपूरला एक निमंत्रित स्पर्धा होती. पहिलाच सामना आम्ही वाईट हरलो. त्या उंच मुलीला मी दुसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर काढलं ते शेवटपर्यंत आत घेतलं नाही. दुपारी गाडी परत निघाली आणि जेवायला कोहमाऱ्याच्या ढाब्यावर थांबलो. सुट्ट्या लागत होत्या, म्हणून ती तिथूनच गावाकडची बस धरणार होती. बॅग पायाशी ठेवून ती माझ्यासमोर बसली. जेवण अर्धं झाल्यावर तिनं विचारलं,

"मॅडम, मी तथी पोचत नाई त बॉल वापस येऊन राहते. मले पोचू काऊन नाई देत तुमी?"

टेबलावरच्या पोरी हसल्या. सकाळच्या हरण्यानं मी आधीच तापलेली होते. म्हटलं, "तुझ्यासाठी काय खेळ थांबणार आहे?"

"थांबला त का होते?"

मी ढाबेवाल्याला बिल आणायला सांगितलं. तिची बस आली, ती बॅग उचलून गेली. गाडीत कॅप्टन म्हणाली, "मॅडम, जवाब नहीं देना था क्या उसको?" मी तिलाही गप्प केलं.

सुट्ट्या संपल्या. सगळ्या परतल्या, ती आली नाही. फोन केला तर घरचं कोणीतरी म्हणालं, धानाचं काम चालू आहे. आठवडा गेला. झोनची स्पर्धा महिन्यावर आली होती. एका रविवारी मी बसनं केशोरीला गेले. घरी म्हातारी आजी तेवढी होती. तिनं शेताची वाट दाखवली.

कापलेल्या धानाचे भारे एकावर एक रचून उंच ढीग करतात, त्याला आमच्याकडे पुंजणा म्हणतात. त्या पुंजण्यावर ती उभी होती. खालून तिचे वडील भारा फेकत, ती वरच्या वर झेलायची, अंग वळवायची आणि मागे नेमक्या जागी ठेवायची. पुढचा भारा येईपर्यंत पुन्हा तोंड इकडे. पाय जागचे हलत नव्हते. भारा डोक्यावरून आला तरी हात वर आणि भारा हातात. मी शेताच्या धुऱ्यावर उभी राहून किती वेळ पाहत होते कोण जाणे. आमच्या खेळात रिंगखाली उभ्या असलेल्या उंच खेळाडूनं जे करायचं असतं, ते ती माझ्यासमोर करत होती, आणि चार महिने मी तिला मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला पळवत होते.

वडिलांनी मला पाहिलं. काम थांबवून, हात झटकत आले.

"तुमीच का बास्केटबॉलच्या मॅडम?"

"हो."

"पोरगी म्हणे, तुमी तिले बसवूनच ठेवता. बसाचंच आहे त अथी कामाले त येते."

"आता नाही बसवणार," मी म्हटलं.

"काऊन? तवा बसवलं, आता काऊन नाई?"

माणूस रागावलेला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मीही खरं तेच सांगितलं. "मला तिला खेळवता येत नव्हतं. ते मला आज कळलं."

त्यांनी वर पाहिलं. ती वरूनच म्हणाली, "दोन दिवसात पुंजणा होते. मंग येतो मी."

परतीच्या बसमध्ये मला माझे कोच आठवत राहिले. मी शिकत होते तेव्हा आमची अख्खी टीम बुटकी होती. मी तर त्यातही लहान. रिंगखाली कोणाशी झुंजणं आम्हाला शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी आम्हाला पळवलं, आणि त्या पळण्यावर माझ्यासारख्या पोरीला टीममध्ये जागा मिळाली. त्यांनी समोर उभ्या असलेल्या आठ-दहा मुली पाहून खेळ ठरवला होता. मी मात्र तो खेळ जसाच्या तसा उचलून आणला आणि नऊ वर्षं येईल त्या पोरीला माझ्या मापाचं करत राहिले. नऊ वर्षं चपळ, लहानखुऱ्या पोरीच मिळत गेल्या म्हणून ते खपून गेलं. कदाचित मी निवडही तशाच पोरींची करत होते. बसमध्ये हे कबूल करताना लाज वाटली, आणि खूप हलकंही वाटलं.

ती बुधवारी आली. गुरुवारपासून मी सरावात पळणं बंद केलं. नियम एकच: ती रिंगखाली पोचून पाय रोवेपर्यंत कोणी बॉल टाकायचा नाही. बॉल टाकायला चोवीस सेकंद असतात, आपण सातच वापरत होतो. उरलेले आता वापरायचे.

कॅप्टनला ते सहन होईना. दुसऱ्याच दिवशी बॉल काखेत धरून मैदानाच्या मध्ये उभी राहिली. "मॅडम, ये बास्केटबॉल है या बारात?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग म्हटलं, "बारात ही समझ. पण नवरी पोचल्याशिवाय लग्न लागत नाही." ती तणतणत निघून गेली आणि तीन दिवस आली नाही. मी बोलवायला गेले नाही. माझा खेळ तिनं मनापासून उचलला होता, तो सोडायला मलाच दहा वर्षं लागली होती. तिला तीन दिवस लागले तर बिघडत नव्हतं.

चौथ्या दिवशी ती आली आणि बॉल घेऊन उभी राहिली. सावकाश ड्रिबल करत पुढे गेली. उंच मुलीनं रिंगखाली पाय रोवले, हात वर केला. कॅप्टननं बचाव करणाऱ्या दोघींच्या डोक्यावरून बॉल फेकला. हिनं तो झेलला, वळली आणि बोर्डवर टेकवून आत सोडला. पुंजण्यावर भारा ठेवावा तसा. पाच वेळा तसंच झालं. सहाव्या वेळी बचाव करणाऱ्या तिघी हिच्याभोवती गोळा झाल्या, तर हिनं बॉल परत कॅप्टनकडे टाकला आणि मोकळ्या कॅप्टननं तो दुरून घातला. कॅप्टन माझ्याकडे वळली.

"मॅडम, रुक के खेलो तो सब दिखता है."

डिसेंबरमध्ये झोनची स्पर्धा झाली. खेळताना आमची टीम सावकाश पुढे येताना पाहून एका कोचनं मला विचारलं, "काय मॅडम, पोरी आजारी आहेत का?" पहिले दोन सामने आम्ही आरामात जिंकलो. उपांत्य सामन्यात समोरची टीम हुशार निघाली. आमचा बॉल पुढे येऊच द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. अर्ध्या वेळेला आम्ही नऊ गुणांनी मागे. माझे हात शिवशिवायला लागले. पोरींना गोळा करून मी म्हटलं, "चला, आता पळा. जुना खेळ."

कॅप्टननं मान हलवली. "नहीं मॅडम. अब मत बदलो. महीनाभर यही किया है, यही करेंगे."

उंच मुलगी पाणी पीत होती. बाटली खाली ठेवून म्हणाली, "मी तथी पोचून राहिलो ना मॅडम. बॉलच येत नाई. तो आना तुमी, बाकी पाहतो मी."

मी फक्त बॉल पुढे कसा आणायचा तेवढंच सांगितलं: दोघींनी मिळून आणायचा, एकटीनं नाही. खेळ तोच ठेवला. तो सामना आम्ही दोन गुणांनी जिंकलो. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना हरलो. समोर हिच्याइतक्याच उंच तिघी होत्या, त्याला इलाज नव्हता. पण त्या मैदानावरून मी मान वर करून निघाले. विद्यापीठाच्या टीममध्ये आमच्या दोघी निवडल्या गेल्या, ती आणि कॅप्टन.

पुढच्या वर्षी मी उलट चूक केली. पद्धत ठरलेली नको, हे जरा जास्तच मनावर घेतलं. समोरची टीम पाहून दर सामन्याला खेळ बदलला. पोरी वॉर्मअपलाच विचारायला लागल्या, "मॅडम, आज का खेलाचं हाये?" त्या प्रश्नातच आमचं हरणं होतं, आणि आम्ही दुसऱ्याच फेरीत बाहेर पडलो. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. खेळाची पद्धत हवीच, पण ती त्या वर्षीच्या पोरींची हवी. ठरवायला जुलै-ऑगस्ट घ्यावा, पोरींना हवं तसं खेळू द्यावं, आपण मैदानाच्या पायरीवर बसून पाहावं. एकदा ठरली की मग वर्षभर सोडू नये. पण वर्ष संपल्यावर आपल्या ओळखीसाठी ती मुळीच धरून ठेवू नये.

नंतर कचारगडच्या बाजूच्या तीन पोरी एकदम आल्या, वाऱ्यासारख्या. ती तीन वर्षं आम्ही पुन्हा पळालो आणि तेही मला पटलं. उंच मुलगी आता एका शाळेत खेळ शिकवते. अधूनमधून फोन करते, तिच्या टीममधल्या पोरींच्या तक्रारी सांगते, आणि मी सल्ला द्यायला लागले की मध्येच तोडून म्हणते, "तुमी पाह्यल्या नाई मॅडम माह्या पोरी." तिचं बरोबर असतं.

या वर्षी माझ्याकडे एक डावखुरी आहे, कबड्डीतून आलेली एक दांडगट मुलगी आहे, आणि दोन सख्ख्या बहिणी आहेत. बहिणी फक्त एकमेकींनाच बॉल देतात. बाकीच्या वैतागल्या आहेत. सहकारी म्हणतात, पहिल्याच आठवड्यात ती खोड मोडा. मी अजून मोडलेली नाही. काल त्या दोघींनी न बघता एकमेकींना सहा पास दिले आणि एकही चुकला नाही. आणखी आठवडाभर मी पायरीवरच बसणार आहे.