दुरुस्तीच्या बाई

आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी सव्वीस वर्षं कारकून आहे. तेवढ्या काळात प्राचार्य नऊ आले नि गेले. दुरुस्तीच्या बाई मात्र त्याच. मोटर दुरुस्ती शिकवतात म्हणून त्यांचं हे नाव पडलं, आणि त्यांना ते आवडायचं. ठेंगण्या, चष्म्याला दोरी, बोटांना कायम वार्निशचा वास.

पहिल्याच दिवशी त्या प्रत्येकासमोर एकेक जळकी मोटर ठेवायच्या. पान्याला हात लावायचा नाही. आधी हुंगायची, हाताने फिरवून बघायची आणि मग सांगायचं, ही का जळली? कुणी म्हणालं, "बाई, नवीनच बसवू या की," तर बाई विचारायच्या, "तुला सर्दी झाली की तुझी आई नवीन मुलगा आणते का रे?"

मग पंप बनवणाऱ्या एका कंपनीने आमची संस्था दत्तक घेतली. दत्तक! आम्ही काय अनाथ होतो? भिंतींना कंपनीचा निळा रंग लागला, थंड पाण्याचं यंत्र आलं आणि पाठोपाठ कंपनीचा अभ्यासक्रम आला. तो टाइप करायला माझ्याकडेच दिला होता. 'मोटर दुरुस्ती' जाऊन नाव झालं 'पंप बदल सहायक'. दोन वर्षांचं शिक्षण सहा महिन्यांवर आलं. चौऱ्याऐंशी पानांत मी 'दुरुस्ती' हा शब्द शोधला, एकदाही सापडला नाही. प्रत्येक बिघाडावर एकच उपाय: सीलबंद भाग काढा, कंपनीचा नवा भाग बसवा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण टाइप केलं मीच.

बाई तडक प्राचार्यांकडे गेल्या.

"उद्योगाला हवं तेच शिकवायला हवं, बाई," प्राचार्य म्हणाले. "आता विद्यापीठंसुद्धा कंपन्यांना विचारून पदव्यांचे विषय ठरवतात."

"उद्योगाला गिऱ्हाईक हवंय, साहेब. पोरं इथे कारागीर व्हायला येतात."

प्राचार्यांनी थंड पाणी मागवलं.

नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच तुकडीत बाईंची भाची होती. आई गेल्यापासून ती मावशीकडेच वाढली. तिला बाजारात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं; गाळा बघून ठेवलेला, पाटीवर काय लिहायचं तेही ठरलेलं. फक्त परवान्यासाठी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. वर्गात बाईंचा दंडक एकच: "इथे मी मावशी नाही, बाई." तासाला त्या नव्या पुस्तकातलं शिकवायच्या आणि सकाळी तास सुरू होण्याआधी, ज्याला यायचं त्याला जुन्या मोटरी उघडून दाखवायच्या. भाचीने एकही सकाळ चुकवली नाही.

परीक्षेला कंपनीचा परीक्षक आला. नोंदी करायला मीही कार्यशाळेत होतो. प्रत्येकाला एक बंद पडलेला पंप आणि खोक्यात एक नवा भाग दिला. बाकीच्यांनी मुकाट्याने भाग बदलले. भाचीने पंपाला नाक लावलं.

"अहो, वास कसला घेताय? भाग बदला."

"जळलेला नाही, सर. वासच नाही. आत तार सुटली असणार."

तिने सील तोडलं. खरंच, गुंडाळीच्या टोकाशी तार सुटली होती. तिने तार खरवडली, जोडली, कथलाचा डाग दिला, वर शॉक रोखणारी नळी चढवली आणि बटण दाबलं. पंप टाकीतलं पाणी धो धो उपसू लागला.

"मावशी, चालला!" ती ओरडली.

बाईंनी त्या दिवशी तिला टोकलं नाही.

परीक्षकाने कागदावर फुली मारली. "सील तोडलं. नवा भाग वापरला नाही. नापास."

"पण चालतोय ना पंप!" मी मध्येच बोललो. कारकुनाने बोलायचं नसतं, ठाऊक आहे.

"चालणं हा निकष नाही. पुस्तकात बघा."

पुस्तकात तो निकष नव्हताच. मीच तर टाइप केलं होतं! त्या क्षणी मला स्वतःच्या बोटांची लाज वाटली.

बाई निकालपत्रक घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्यांची सही झाल्याशिवाय निकाल वर जात नाही. मागोमाग भाची आली, दारातच उभी राहिली.

"परवाना गेला ना, मावशी?"

"गेला," बाई म्हणाल्या. तिला खोटा धीर द्यायचा त्यांचा स्वभावच नव्हता. मग मला म्हणाल्या, "शेऱ्याचा रकाना रिकामा आहे. मी सांगते ते घाला."

प्राचार्य धावत आले. "बाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. हे वरपर्यंत जाईल."

"वर जायलाच हवं. खाली सगळ्यांना दिसतंयच."

कार्यशाळेतला तो पंप कुणीच बंद केला नव्हता. पाण्याचा आवाज आमच्या टेबलापर्यंत येत होता. बाईंनी सांगितलं, मी एकेक अक्षर टाइप केलं, आणि त्यांनी खाली पूर्ण नावानिशी सही केली.

शेरा: पंप चालू आहे. उमेदवार नापास.