शेवट न लिहिलेल्या वह्या

माझ्या बँडच्या वह्यांत एकाही धूनचा शेवट लिहिलेला नव्हता. हे मी मुद्दाम केलं होतं आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

संगमेश्वरकडच्या लग्नाच्या बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवायला शिकलो आणि एसी मेकॅनिक म्हणून कुवेतला आलो. फरवानियात शेजारच्या खोलीत एक म्हातारे गोवेकर मास्टर राहायचे. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत स्विंग वाजवायचे. जोडीनं नाचायचं, ट्रम्पेट-सॅक्सोफोनचं ते जुनं संगीत मी त्यांच्याकडून शिकलो आणि पुढं माझ्याखेरीज अकरा जणांचा बँड उभा केला. दिवसा शुवैखमध्ये माझं एसीच्या पत्र्याचं वर्कशॉप. तिथंच, पत्रा कापायचं मशीन बंद झालं की तालीम. प्रत्येकाची वही मी स्वतःच्या हातानं लिहिली.

एकदा एका सॅक्सोफोनवाल्यानं त्या सगळ्या वह्यांचे मोबाईलवर फोटो काढले आणि महिन्याभरात वेगळा बँड काढला. माझी मांडणी, त्याचं नाव. त्यानंतर मी सगळ्या वह्या नव्यानं लिहिल्या. प्रत्येक धूनच्या शेवटच्या ओळींच्या जागी नुसता गोल काढला. गोल आला की मास्टरकडे, म्हणजे माझ्याकडे, बघायचं. मी मूठ वर केली की शेवट वाजवायचा. नाही केली की पुन्हा पहिल्यापासून. शेवट मी तोंडीच शिकवले, आणि तेही ज्याचे त्याला, वेगवेगळे. घेऊन जा म्हटलं आता वह्या.

यंदा बनेद अल-गारच्या एका हॉटेलात आमच्याच लोकांच्या संस्थेचा वार्षिक डान्स होता. शुक्रवारी संध्याकाळी पाचची वेळ. चार वाजता पोहोचलो आणि स्टेजमागचा बॅनर पाहिला. केटररचं नाव होतं, फुलवाल्याचं होतं. आमच्यासाठी दोन शब्द : लाइव्ह बँड.

सेक्रेटरीला गाठलं. पोरगेलासा इंजिनिअर, पुण्याचा.

"माझं नाव कुठाय?"

"काका, बॅनर छापून झालाय. माइकवरून सांगतो ना, दोनदा सांगतो."

"माइकवरचं हवेत जातं. फुलवाल्याचंही माइकवरूनच सांगा मग."

"त्यानं फुलं फुकट दिलीत, काका."

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी यांना नाचवतोय आणि माझी किंमत झेंडूच्या खाली! क्लॅरिनेट पेटीत घातलं आणि निघालो. आमचा ट्रम्पेटवाला, वसईचा, हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, तो मागून आला.

"मास्टर, रागावू नका. लोक यायला लागलेत."

"वाजवा की मग. वह्या आहेत ना तुमच्याकडे."

खरं सांगतो, मला जायचं नव्हतंच. इथल्या शुक्रवार बाजारात मी आयुष्यभर असाच सौदा केलाय. भाव पटला नाही की पाठ फिरवायची, सावकाश चालायचं. दहा पावलांच्या आत विक्रेता हाक मारतो. मी गाडीत जाऊन बसलो, एसी लावला, फोन समोर ठेवला. पहिल्या धूनला गोल आला की हे अडकणार आणि सेक्रेटरी धावत येणार. मार्करनं का होईना, नाव लिहायला लावायचं, हे मी ठरवलं होतं.

किचनचं मागचं दार उघडं होतं, त्यातून सगळं ऐकू येत होतं. पहिली धून सुरू झाली. गोल आला. मूठ वर करणारं कोणी नव्हतं, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून गेले. पुन्हा गोल, पुन्हा पहिल्यापासून. मी हसत होतो. पाचव्या फेरीला आतून टाळ्या ऐकू आल्या, सातव्या फेरीला शिट्ट्या. लोकांना वाटलं, बँड आज रंगात आलाय! माझ्या हाताखाली साडेतीन मिनिटांत संपणारी धून पंचवीस मिनिटं चालली आणि शेवटी ट्रम्पेटवाल्यानं एक लांब स्वर धरून ती संपवली. पुढची प्रत्येक धून त्यांनी तशीच संपवली. फोन वाजला नाही. मध्ये एकदा वाजला तो बायकोचा.

"अहो, येताना खुबूसच्या रोट्या आणा."

दोन दिवसांनी ट्रम्पेटवाला वर्कशॉपवर आला. हातात अकरा वह्या.

"मास्टर, सगळ्यांनी आपापला आठवला तसा शेवट लिहून काढलाय. एकदा नजर टाका. सेक्रेटरी म्हणतो, पुढच्या वर्षीही आम्हीच."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे… बँड," तो म्हणाला.

मी उभ्या उभ्या सगळ्या वह्या चाळल्या. गोल खोडून त्याखाली निळ्या पेनानं ओळी लिहिल्या होत्या. माझेच शेवट, बहुतेक बरोबर. दुसऱ्या सॅक्सोफोनच्या वहीत मात्र एक स्वर चुकलेला होता. सगळे एकत्र वाजले की तो कानाला टोचणारच.

"ठीक आहे," म्हटलं आणि वह्या परत दिल्या.

तालीम आता ते वसईवाल्याच्या घरी करतात. तो स्वर मी अजून सांगितलेला नाही. विचारायला आले, तर आधी बॅनरचं बोलू.