पेडण्याचा परवाना

शालिग्राम कंपाउंडरने उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, आणि तेच त्याला नडलं.

धुळ्याच्या दवाखान्यात त्याने तीस वर्षं औषधं कालवली. तिथेच नर्स म्हणून आलेल्या सुगंधाबाईशी त्याने लग्न केलं, हे त्याचं आयुष्यातलं एकुलतं एक धाडस. ती पेडण्याची, म्हणजे गोव्याची. तिथे राज्य पोर्तुगिजांचं, तिचं शिक्षणही त्यांच्याच भाषेत झालेलं. मूलबाळ झालं नाही. आईबापांच्या मागे पेडण्याचं घर तिच्याकडे आलं, तेव्हा ती म्हणाली, "इतकी वर्षं मी तुमच्या मुलखात काढली. आता म्हातारपण माझ्या मुलखात काढू." त्याला ते मनापासून आवडलं.

पंचावन्न साली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली आणि घर झाडायला, कौलं परतायला ती पुढे गेली. मे अखेर त्याची नोकरी संपली. आता फक्त पारोळ्याला थोरल्या भावाचा निरोप घ्यायचा आणि गाडीत बसायचं.

थोरला भाऊ चुडामण ओट्यावरच बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "पंचावन वरीसना व्हयना तू. आते घरजवाई व्हईसन सासरवाडीले ऱ्हाशी का? गावले काय सांगू मी?"

टक्कल पडलेल्या माणसाला हा शब्द एवढा झोंबावा, याचं हसू येतं. पण झोंबला. "तसं नाही नाना, जाऊन बघून येतो फक्त," असं काहीतरी तो पुटपुटला. मग नाना म्हणाले पेरणी होऊ दे, तो थांबला. पोळा करून जा म्हणाले, पुन्हा थांबला. सुगंधाबाईची पत्रं येत राहिली. घर तयार आहे, तुमची खाट खिडकीशी लावलीय, कधी येता?

पोळ्याच्या त्याच आठवड्यात गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि भारत सरकारने सरहद्द बंद केली. कालपर्यंतची सासुरवाडी परदेश झाली.

मग परवान्यासाठी धुळ्याच्या कचेरीचे हेलपाटे सुरू झाले. कारकून भला होता. त्याने स्पष्ट सांगितलं, "कायमचं राहायला कुणालाच सोडत नाहीत. घरचं माणूस अंथरुणाला खिळलं असेल, तरच पंधरा दिवसांचा परवाना मिळतो. डॉक्टरचा दाखला लागेल." तिने इकडे यावं, तर पुन्हा आत जाता येणार नव्हतं, घर वाऱ्यावर पडलं असतं.

नानांनाही आता चुटपुट लागली होती. ते म्हणाले, "लिखी टाक, बायको बिमार शे. लिखामा काय जास तुनं?"

शालिग्रामने अर्जाचा कागद पुढे ओढला. तीस वर्षं लोकांच्या दुखण्यांच्या चिठ्ठ्या वाचलेला हा माणूस. पण धडधाकट बायकोचं नाव घालून असलं अभद्र लिहायला त्याचा हात धजेना. जन्मात पहिल्यांदा तो भावाला नाही म्हणाला. स्वतःचाच त्याला इतका राग आला की त्या रात्री तो जेवलासुद्धा नाही. नाही म्हणायला मुहूर्त सापडला तो हा.

वर्ष गेलं. पत्रं दोन-दोन महिन्यांनी, शिक्क्यांनी काळी होऊन येऊ लागली. छप्पन्नच्या दिवाळीनंतर आलेलं पाकीट तिच्या अक्षरातलं नव्हतं. शेजाऱ्याने लिहिलं होतं: बाईंना अर्धांगवायू झालाय, उजवं अंग गेलंय, लवकर निघा. सोबत तिथल्या डॉक्टरचा दाखला होता.

शालिग्राम तसाच कचेरीत धावला. आता खोटं लिहायचं कारण नव्हतं.

कारकुनाने दाखला उलटसुलट करून पाहिला. "भाऊ, हे पोर्तुगीज आहे. साहेब वाचल्याशिवाय सही करायचे नाहीत. आणि मुंबईला पाठवला तर महिना कुठे गेला कळणार नाही. धुळ्यात ही भाषा येणारं कुणी नाही का?"

शालिग्रामने दाखला परत हातात घेतला.

"एक बाई होती," तो म्हणाला. "तिचाच दाखला आहे हा."