राणीसाहेबांच्या डावीकडची जागा

आत्या घरी भांडी घासताना गायला लागली की शेजारी आपला रेडिओ बंद करायचे. तीच आत्या राजवाड्याच्या प्रार्थनागृहात वृंदात गाताना मात्र चक्क बेसूर व्हायची. रोज त्याच वरच्या पट्टीतल्या ओळीला घसरायची. मला हे कोडं काही सुटेना.

"राजवाड्यावर गेलं की तुझं घोडं कुठे पेंड खातं गं?"

"भोचक भवानी, अभ्यास कर."

शेवटी खोदून खोदून विचारल्यावर बोलली. तिथली रीत अशी, की देवापुढे सगळे सारखे. म्हणून राणीसाहेब वेगळ्या आसनावर न बसता वृंदातच उभ्या राहून गातात. त्यांच्या डावीकडे आत्या. लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच सकाळी राणीसाहेब त्या वरच्या ओळीला सुरातून खाली उतरल्या. नव्या सुनेचं हसं होऊ नये म्हणून आत्याही उतरली. तेव्हापासून रोज तेच.

"दोघी चुकल्या की कुणाची चूक ते कळत नाही," आत्या म्हणाली. मला तिचा रागच आला. असला गळा, आणि वापरायचा कशाला, तर दुसऱ्याची चूक झाकायला!

मग वृंदाला नवे गुरुजी आले. राणीसाहेबांकडे बोट दाखवायची कुणाची छाती? सगळा ठपका आत्यावर. "उद्या सुरात गा, नाहीतर परवापासून येऊ नका."

आत्याचा जीव त्या वृंदात. इकडे आड, तिकडे विहीर. सुरात गावं तर राणीसाहेब उघड्या पडणार, न गावं तर जागा जाणार. त्या दिवशी ती जेवली नाही.

सकाळी मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसले. वरची ओळ आली. आत्याने डोळे मिटले आणि थेट सुरावर गेली. आणि राणीसाहेब? त्याही गेल्या की! जराही न घसरता.

प्रार्थना संपल्यावर त्यांनी आत्याचा हात धरला. "जमलं बाई तुला एकदाचं! पहिल्या दिवशी मी घाबरून घसरले, तर तूही तिथेच. मला वाटलं, हिला वरचं झेपत नाही. तुला एकटीला कुणी बोलू नये म्हणून रोज खाली येत होते."

आत्याने आ वासला. "आपली कृपा," एवढंच कसंबसं म्हणाली.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"मला कुणी सांभाळून घेतंय हे कधी माहीतच नव्हतं गं," आत्या म्हणाली, आणि भर रस्त्यात रडायला लागली.