आक्काची पिन कोण काढतं?

सांगते, पण हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना अंगावर सांडेल. मागच्या जानेवारीत मी एका सज्जन माणसावर चोरीचा आळ घेतला. तोही कशाच्या? विजेच्या पिनेच्या.

मी कमल, शहात्तर वर्षांची. कॅनडात, कॅल्गरीत निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. गाडी चालवायला चाळिशीत शिकले आणि दुरुस्तीही मीच शिकले, आधी लायब्ररीतली पुस्तकं वाचून, मग व्हिडिओ बघून. ऑइल मी बदलते, ब्रेक पॅड मी बदलते. मेकॅनिककडे गेलेच तर त्याची चूक दाखवायला जाते.

माझी गाडी वीस वर्षांची. तिचं नाव आक्का. हे गेल्यावर मी गॅरेजवालं मोठं घर विकलं आणि छोट्या घरात आले. इथे गॅरेज नाही, त्यामुळे आक्का जन्मात पहिल्यांदा उघड्यावर आली.

लेक दूर किचनर नावाच्या गावी असते, वैशाली. तिने व्हिडिओ कॉलवर बजावलं, "आई, या विंटरमध्ये तीनदा जर कुणाला त्याच्या बॅटरीची केबल लावून गाडी स्टार्ट करून द्यावी लागली, तर ती विकायची. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. आक्का गेली तर साधं दूध आणायलाही मी लोकांच्या तोंडाकडे बघत बसणार, हे कळत होतं. पण स्वतःवर भरवसा किती!

आणि मग आली उणे छत्तीसची थंडी.

इतकी वर्षं बघतेय, तरी दर वेळी थक्क होते. दार उघडलं की नाकातले केस काड्यांसारखे ताठ होतात. हवेतली वाफ गोठते आणि कुणी अभ्रक उधळावा तशी चमकत खाली येते. सूर्य उगवतो तो एकटा नाही, दोन्ही बाजूंना आणखी दोन खोटे सूर्य घेऊन. अशा वेळी माणसाने हात जोडावेत. पण हात जोडून इंजिन सुरू होत नाही.

त्यासाठी इथल्या गाड्यांत ब्लॉक हीटर असतो. आपण आंघोळीच्या पाण्यात तो रॉड सोडायचो ना, त्याची ही धाकटी बहीण, इंजिनाच्या पोटात बसवलेली. गाडीच्या नाकातून वायर लोंबते. संध्याकाळी ती भिंतीवरच्या सॉकेटात खुपसायची, की रात्रभर इंजिन कोमट. एवढ्याशा कांडीने उणे छत्तीसला तोंड द्यायचं. मला तर तिचं कौतुकच वाटतं.

माझी पद्धत ठरलेली. बाजूच्या दाराशी दोन बटणं आहेत. एकाने बाहेरचा दिवा लागतो, दुसरं कशाचं, देव जाणे. दोन्ही एकदम तळहाताने वर करायची, बाहेर जायचं, पिन लावायची. बॉनेटला कान लावला की किटलीसारखं सूंऽऽ ऐकू येतं. मग आत यायचं आणि दोन्ही बटणं खाली. माहेरी इचलकरंजीला आमचे बाबा उंबऱ्यातून विचारायचे, "बटण बंद केलंस का?" तेव्हापासून या हाताने एक बटण उघडं सोडलेलं नाही.

पहिल्या सकाळी आक्का ढिम्म. शेजारचा डग आला. आयुष्य तेलाच्या विहिरींवर गेलेला माणूस, दिवसाला सात-आठ शब्द बोलतो. केबल लावता लावता त्यातले दोन त्याने मला दिले. "प्लग्ड इन?"

"अर्थात," मी म्हटलं. मला विचारतो!

त्या संध्याकाळी मी बॅटरी काढून स्वयंपाकघरात आणली आणि शाल गुंडाळून बाळंतिणीच्या बाळासारखी ठेवली. बॉनेटवर गोधडी घातली. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला. दुसऱ्या सकाळी आक्का खोकली, कण्हली आणि गप्प झाली. पुन्हा डग, पुन्हा केबल, पुन्हा "प्लग्ड इन?"

दोन झाले. आता उरला एक.

मी शास्त्रशुद्ध तपास केला. भल्या सकाळी, अजून अंधार होता, दोन्ही बटणं वर करून बाहेर गेले. पिन जागच्या जागी. ती काढून सॉकेटला टेबललॅम्प लावला, तर लख्ख. परत पिन लावली, हीटर सूंऽऽ. सगळं ठणठणीत, आणि इंजिन दगड. मी जाऊन बघते तेव्हा वीज असते, आणि रात्रभर नसते. म्हणजे कुणीतरी रात्री पिन काढतंय आणि पहाटे परत लावतंय.

मग आठवलं. डग एकदा आक्काला न्याहाळत म्हणाला होता, "विकणार असशील तर सांग." आणि दोन्ही वेळा तोच प्रश्न, प्लग्ड इन? चोराच्या मनात दुसरं काय असणार!

त्या संध्याकाळी पिन लावल्यावर मी सॉकेटच्या खाली बर्फावर गणपतीतला उरलेला गुलाल पसरला. आला तर पाऊल उमटेल. मग आत आले, दोन्ही बटणं खाली केली आणि समाधानाने झोपले.

सकाळी गुलालात पावलं होती, पण सशाची. आमच्याकडे रस्त्यावर कुत्र्यांपेक्षा ससेच जास्त. मी बराच वेळ ती पावलं बघत उभी राहिले. ससा पिन काढेल का, याचाही विचार केला, खोटं कशाला सांगू. आक्का अर्थातच ढिम्म.

तेवढ्यात डग केबल घेऊन आला. गुलाबी बर्फ बघून थबकला. मी सरळ विचारलं, "डग, रात्री माझी पिन तू काढतोस?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो विचार करायला लागला. तिसऱ्यांदा केबल लागली की आक्का विकायची, हे त्याला मी मागेच सांगितलं होतं. त्याने केबल खाली ठेवली, घरून वायरवाला दिवा आणला आणि माझ्या सॉकेटला लावला. लागला. आता पुराव्याला माझा टेबललॅम्प आणावा म्हणून मी आत गेले. लॅम्प घेऊन परत आले, तर डग दारापाशी उभा.

"परत आत जा," तो म्हणाला.

गेले. सवयीने हात फिरवला.

"आता बाहेर ये."

आले. पुन्हा हात फिरवला.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा आत गेले, आणि हात बटणांवर असतानाच काचेतून बाहेर बघितलं. माझा हात खाली, डगचा दिवा गुल. हात वर, दिवा चालू. तीस वर्षं गाड्या उघडणारी मी, आणि ते 'देव जाणे' बटण सॉकेटचं. इथल्या सॉकेटला जवळ बटण नसतं, म्हणून ते लांब घरात असेल, हे डोक्यातच आलं नाही.

"सापडला चोर," डग म्हणाला. "जांभळी टोपी घालतो."

माझ्या डोक्यावर जांभळी टोपी होती.

त्याने आक्काची पिन परत लावली, बटण वर ठेवून त्यावर चिकटपट्टी मारली आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नो, कमल'. मी माफी मागितली, आलं घालून चहा केला. इंजिन तापेपर्यंत तो तीन तास माझ्या स्वयंपाकघरात बसला, तीन कप प्यायला आणि गुलालाबद्दल एक शब्द बोलला नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुपारी किल्ली फिरवली. केबल नाही, गोधडी नाही. आक्का पहिल्याच झटक्याला अशी सुरू झाली की माझे डोळे भरून आले. लगेच वैशालीला कॉल लावला आणि आवाज ऐकवला.

"वॉव, आई! उणे छत्तीसमध्ये? काय केलंस तरी काय?"

डग माझ्याकडे बघत होता.

"काही नाही," मी म्हटलं. "या वेळी कशाला हात लावला नाही."